खोपट ते महाड : गाडीतल्या जागेची गोष्ट

ठाणे स्टेशनहून कॅडबरी जंक्शनकडे जाताना मध्ये खोपट लागते. बाहेरगावच्या माणसाला खोपट म्हणजे एसटीचा डेपो, एवढेच ठाऊक असते. आत लाल गाड्या, बाहेर रस्त्याच्या कडेला खासगी लक्झरी, रिक्षांची रांग, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतून गॅरेजवाले, पंक्चरवाले, बॅटरीवाले, कुशनवाले. जवळच सिद्धेश्वर तळे. गावाला निघालेला माणूस बोचके सांभाळत इथे येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "जागा आहे का?" दिवसभरात खोपटमध्ये सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असावा.

या जागेविषयीच आज लिहायचे आहे. एसटीतल्या नव्हे, तर आता आपल्याही वस्त्यांतून दिसू लागलेल्या चारचाकी गाड्यांतल्या जागेविषयी.

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, याच गल्ल्यांतल्या एका दुकानात कुशनचे काम करीत. फियाट असो, अ‍ॅम्बॅसिडर असो, टेम्पो असो. आलेल्या गाडीच्या सीटा उसवायच्या, आतला दबलेला काथ्या विंचरायचा, तुटकी स्प्रिंग बांधायची आणि वर नवे रेक्झीन शिवायचे. गळ्यात कायम टेप असे. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. पण कोणत्या गाडीत माणूस कसा बसतो हे त्यांना गाडीच्या मालकापेक्षा जास्त कळे. ते म्हणत, "सीट हाताने दाबून बघू नये, गुडघ्याने बघावी." याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने जुनी गाडी घ्यायचे काढले. तो दुसऱ्याची टुरिस्ट गाडी चालवतो. तीन घरांनी मिळून पैसे काढायचे, उरलेले कर्ज घ्यायचे, एरवी त्याने भाडी मारायची आणि १४ एप्रिल, ६ डिसेंबर, लग्नकार्य, दवाखाना अशा वेळी गाडी घरची, असा बेत ठरला. प्रश्न एकच उरला. कोणती गाडी? भाऊ म्हणाला, लांब डिकीची, गिऱ्हाइकाला तीच आवडते. मुले म्हणाली, उंच आणि रुबाबदार. वहिनी म्हणाली, स्वस्तात ईको मिळते ती बघा. आई काहीच म्हणाली नाही. तिला कोणी विचारलेही नव्हते.

शेवटी ठरले की २० मार्चला आपण सातही जण महाडला जाणारच आहोत. तत्पूर्वी एका रविवारी ओळखीपाळखीच्या गाड्या आपल्या गल्लीत बोलवायच्या, सर्वांनी आत बसून बघायचे, आणि जी पसंत पडेल तसलीच गाडी महाडसाठी भाड्याने घ्यायची. दादांची टेप मी ट्रंकेतून काढून ठेवली.

गाड्या येण्याआधी थोडे मागे जाऊ या. आमच्या पिढीला गाडीतली जागा कळली ती दोन गाड्यांवरून. एक कुर्ल्याला बनणारी फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले; आणि दुसरी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणारी अ‍ॅम्बॅसिडर. दोन्हींत पुढची सीट बाकासारखी सलग असे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे. त्यामुळे पुढे तीन माणसे सहज बसत. मागे तीन, त्यांच्या मांडीवर दोन, आणि पायाशी डबे. अ‍ॅम्बॅसिडरच्या मागच्या सीटला तर लोक दिवाणच म्हणत. परंतु दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढे आणि फिरणारी चाके मागे. मधून लोखंडी दांडा जाई. त्यासाठी तळाला उंचवटा ठेवावा लागे, आणि मधल्या माणसाचे पाय त्या उंचवट्यावर आखडलेले राहत. ती मधली जागा कोणाची? घरातल्या बाईची किंवा पोराची. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, अ‍ॅम्बॅसिडर २०१४ मध्येच बनायची थांबली. मधली जागा मात्र अजून गेलेली नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. लांबी जेमतेम अकरा फूट. दादा पहिल्यांदा हसले होते. पण आत बसून आले आणि गप्प झाले. या गाडीत इंजिन आडवे बसवलेले होते आणि पुढचीच चाके फिरत होती. १९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने मिनी नावाची दहा फुटी गाडी केली, तिच्यात हीच युक्ती होती. इंजिन आडवे केले की ते कमी लांबी खाते, उरलेली लांबी माणसांना मिळते. आज आपण ज्या छोट्या गाड्यांना "आतून मोठी" म्हणतो त्या बहुतेक सर्व या एका युक्तीची लेकरे आहेत.

ही गोष्ट आकड्यांत पाहिली की जास्त पटते. अ‍ॅम्बॅसिडरची लांबी ४,३२५ मिलिमीटर आणि २०१८ च्या एर्टिगाची ४,३९५. फरक फक्त सात सेंटीमीटरचा, म्हणजे चार बोटांचा. पण अ‍ॅम्बॅसिडर पाच जणांची आणि एर्टिगा सात जणांची! हे कसे? पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर बघा. अ‍ॅम्बॅसिडरमध्ये ते २,४६४ मिलिमीटर होते, एर्टिगात २,७४० आहे. सुमारे अकरा इंच जास्त. चाके टोकांना सरकवली, इंजिन आडवे केले, डिकी कापली. त्यातून तिसरी रांग निघाली. म्हणून गाडी किती लांब आहे हे विचारू नये, दोन चाकांमध्ये किती अंतर आहे हे विचारावे. माणसे बहुतेक तेवढ्यातच बसतात.

१९९० नंतर आपल्या लोकांच्या प्रवासात आणखी दोन गाड्या आल्या. एक मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी म्हणू लागले. सरकते दार असल्यामुळे ती चाळीच्या गल्लीत भिंतीला चिकटून उभी केली तरी माणसे उतरत. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे ड्रायव्हरला उन्हाळ्यात ऊब फुकट. आणि दुसरी १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील अक्षरांवरून तिचे नाव ठेवले गेले. तिच्या मागच्या भागात समोरासमोर आडवे बाक असत. दहा माणसे बसत म्हणून वर्गणी काढून जाणाऱ्यांना ती परवडे.

अशा आडव्या बाकाच्या एका भाड्याच्या गाडीतून आम्ही एकदा घाटातून गेलो होतो. आडव्या बाकावर आम्ही तीन बायका आणि तीन पोरे होतो. पुरुष पुढे. पहिल्याच वळणांना मला आणि धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. तेव्हा वाटले, आपलेच पोट नाजूक. आता कळते की त्यात पोटाचा दोष नव्हता. आडवे बसले की डोळ्यांना रस्ता दिसत नाही, आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र प्रत्येक वळण कळते. दोघांची गाठ पडत नाही म्हणून मळमळते. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवून समोर लांब बघायला सांगावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. पण त्या दिवशी पुढे बसलेल्या कोणीही मागे वळून पाहिले नव्हते.

आता रविवारची हकिगत. गल्लीत एकामागून एक चार गाड्या आल्या. शेजाऱ्यांना वाटले घरात साखरपुडा आहे!

पहिली लांब डिकीची, भावाच्या पसंतीची. चकचकीत. सीट मऊ. पण सीट जमिनीला जवळ. आई बसताना खाली खाली गेली आणि शेवटचे चार इंच धप्पकन पडली. उठताना दाराला, मग माझ्या खांद्याला धरले. या गाड्यांची आणखी एक गंमत भावानेच सांगितली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांना कर कमी केला गेला. तेव्हापासून कंपन्यांनी लांब गाड्यासुद्धा चार मीटरच्या आत कोंबल्या. म्हणजे सीटा आणि डिकी यांची मापे कारखान्यात ठरतात तशीच दिल्लीच्या कचेरीतही ठरतात.

दुसरी वॅगनआर. बाहेरून छोटी, जुन्या पद्मिनीपेक्षाही आखूड. पण उंची १,६७५ मिलिमीटर. हिच्यात आई ना खाली पडली, ना वर चढली. नुसती वळली आणि बसली. सीट तिच्या कमरेच्या उंचीला होती. मी टेपने तिच्या पायाच्या तळव्यापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत माप घेतले. सोळा इंच भरले. दादांचे म्हणणे आठवले: गाडीच्या तळापासून सीट या मापाच्या फार खाली असली की गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. हाताने दाबून हे कधीच कळत नाही. पण वॅगनआर पाच जणांची. शिवाय सीएनजीची टाकी डिकीत बसवलेली, त्यामुळे सामानाला जागा नाही.

तिसरी ईको, जुनी सात आसनी. सरकती दारे, ताठ पाठ, साधी सीट, समोर मोकळे. मुलांना ती आवडली नाही, वहिनीला आवडली. आईला चढताना पाय बराच उचलावा लागला. चौथी इनोव्हा. आत ऐसपैस, पण ही गाडी लोखंडी सांगाड्यावर बांधलेली असल्याने तळ उंच. आईने आधी एक पाय ठेवला, मग थांबली. "एसटीसारखंच आहे की," म्हणाली. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. तरीही आई हल्ली एसटीने जात नाही, ते याच पायऱ्यांमुळे. तिकीट फुकट झाले तरी पायरी चढायला गुडघा लागतोच.

राहिली एर्टिगा. ती त्या दिवशी आली नाही, पण भावाचा मित्र ती महाडसाठी द्यायला तयार होता. तळ फार उंच नाही, सात माणसे बसतात. भाव ठरला.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयांतर नाही. गाडीत बसायची जागा ही आपल्या समाजासाठी केवळ आरामाची गोष्ट कधीच नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भाऊ-भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. पुढे जायला बैलगाडी हवी होती. मुलांची जात कळली आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर आणि या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालेल. १९२९ मध्ये, परदेशात शिकून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांना चाळीसगावला टांगेवाला मिळाला नाही. आपल्याच एका माणसाने टांगा हाकला, त्याला सवय नव्हती, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. या दोन्ही आठवणी त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येक घरात त्या मोठ्याने वाचल्या पाहिजेत. ज्यांना पैसे देऊनही गाडीत सन्मानाने बसता आले नाही, त्यांची नातवंडे आज स्वतःची गाडी घ्यायची म्हणून टेप घेऊन उभी आहेत. मग या गाडीत आपण आपल्याच माणसांना कसे बसवतो, हे पाहायला नको काय?

२० मार्चला पहाटे पाचला खोपट सोडले. डेपोत पहिल्या गाड्या लागत होत्या. कळवा, मुंब्रा, शिळफाटा, कळंबोली करत पनवेलला उजाडले. भाऊ ड्रायव्हिंगला, शेजारी आई. मधल्या रांगेत माझे पती आणि दोन्ही मुले. तिसऱ्या रांगेत मी आणि वहिनी. हे असे बसायचे कोणी ठरवले? कोणीच नाही. आपोआप झाले. बायका आपोआप मागे गेल्या.

कोणत्याही सात आसनी गाडीची तिसरी रांग मागच्या चाकांच्या आसपास येते. तिथे तळ वर आलेला असतो, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आधी तिथल्या माणसाला कळतो आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांविषयी मी वेगळे सांगायला नको. कर्नाळ्यापर्यंत हसतखेळत गेलो. पेणला पोहोचेतो वहिनीने तीनदा पाय बदलले. वडखळला चहाला उतरलो तेव्हा आईने मागचे दार उघडून आत डोकावले.

"मागं अशा बसला होता का तुम्ही?" ती म्हणाली. "आणि मी पुढं पाय पसरून!"

"आई, तुमचे गुडघे," वहिनी म्हणाली.

"माझे गुडघे माझे. तुमचे काय उसने आणलेत?"

मग तिने आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नानंतर ती पहिल्यांदा महाडला गेली होती ती ट्रकच्या हौद्यात उभी राहून. वस्तीतली पन्नासेक माणसे. उन्हाने पत्रा तापलेला, धूळ, तोंडात गाणी. "पाय दुखले खरं," ती म्हणाली, "पण सगळेच उभे होते. कोण पुढं, कोण मागं, असं काही नव्हतं. मास्तर पण उभे, झाडूवाली पण उभी."

मी गप्प झाले. आमच्याकडे आता सीटा होत्या, एसी होता. आणि गाडीत पुढची, मधली, मागची अशी उतरंड आम्ही स्वतःच्या हाताने लावली होती. उतरंड नको म्हणून ज्या तळ्याकाठी बाबासाहेबांनी १९२७ साली पाणी ओंजळीत घेतले, तिकडेच आम्ही निघालो होतो.

वडखळपासून नियम केला. प्रत्येक थांब्यावर जागा बदलायच्या. आईची पुढची जागा कायम, कारण ती गुडघ्यांची गरज आहे, मानाची खुर्ची नाही. बाकी सर्व आळीपाळीने, पुरुषांसकट. माझे पती मागे गेले आणि नागोठण्यापर्यंत त्यांनी एकही विनोद केला नाही! मधल्या रांगेतल्या मुलांनी सीट थोडी पुढे सरकवून त्यांना गुडघ्याला जागा दिली. ती सीट सरकते, हे तोपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते. मागची पाठही जराशी कलती होते. जागा गाडीत होती. ती वाटून घ्यायचे आमच्याकडून राहिले होते. कोलाड, माणगाव मागे टाकून लोणेऱ्याला आलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ तिथे आहे. ते दिसताच माझी मुलगी म्हणाली, "इथून शिकून कोणीतरी चांगली तिसरी रांग बनवायला पाहिजे." गाडीत सगळे हसले, पण ती हसत नव्हती.

महाडला चवदार तळ्यावर लोकांची रीघ लागली होती. आई गाडीतून स्वतः उतरली. खांदा मागितला नाही. पायऱ्यांशी उभी राहून तिने हात जोडले, आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. परतीच्या वाटेवर ती झोपून गेली. सीटचा मऊपणा बेताचा होता, हेही त्याचे कारण. फार मऊ सीट पहिले अर्धा तास सुखाची वाटते, मग कंबर खोल जाते आणि पाठ वाकते. फार कडक असली तर मांड्या बधिर होतात. तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेच्या तारेचा दाखला दिला होता: तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. दादा काथ्या भरताना तीच मध्यम वाट शोधत असत.

गाडी घ्यायचा विचार करणाऱ्या बंधू-भगिनींसाठी आमच्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगते. गाडी बघायला एकट्या पुरुषाने जाऊ नये, घरातील सर्वांत म्हातारे आणि सर्वांत उंच माणूस सोबत न्यावे. आधी पुढची सीट उंच माणसाच्या सोयीने मागे घ्यावी आणि मगच तिच्या मागे बसून पाहावे. गुडघा आणि पुढची सीट यांत एक मूठ मावली पाहिजे. दोन मिनिटे नव्हे, वीस मिनिटे बसावे. डोक्यावर चार बोटे मोकळी हवीत. सीएनजीची टाकी बसल्यावर डिकीत काय उरते ते डोळ्यांनी बघावे. प्रत्येक जागेला पट्टा आहे का ते पाहावे आणि मागच्यांनीही तो लावावा. आणि सर्वांत शेवटी, पैसे देणाऱ्याने स्वतः शेवटच्या रांगेत बसून खोपट ते कॅडबरी एक फेरी मारावी. गाडीची खरी परीक्षा तिच्या सर्वांत वाईट जागेवर होते. घराची आणि समाजाचीही तिथेच होते.

आमची गाडी अखेर घेतली. सात आसनी, जुनी, कर्जाची. रंग मुलांच्या पसंतीचा नाही. भावाने पुढच्या काचेवर निळ्या अक्षरांत जयभीम लिहिले आहे. मी दादांच्या टेपचा एक तुकडा आत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे. पहाटे डेपोसमोरून ती निघते तेव्हा अजूनही कोणीतरी बोचके घेऊन विचारते, "जागा आहे का?" भाऊ सांगतो, भाड्याची नाही, घरची आहे. पण एखादी म्हातारी असली तर आई आतून म्हणते, "घे रे तिला, सरकून बसू."

जयभीम.